विल्यम जिलेट: होम्स रंगवणारा नट नदीवर राहायला का गेला?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी,

शेरलॉक होम्सचं नाव घेतलं की वाकडा पाइप डोळ्यांसमोर येतो. कथांमधला होम्स पाइप ओढतो खरा, पण तो मातीचा नाहीतर साध्या लाकडाचा. वाकडा पाइप लोकांच्या मनात बसवला तो विल्यम जिलेट या अमेरिकन नटाने. सरळ पाइप दातांत धरून संवाद म्हणणं अवघड, आणि खाली झुकलेला पाइप प्रेक्षकांपासून चेहरा झाकत नाही, असं त्याचं कारण सांगतात. ज्याने कधी रंगमंचावर विडी किंवा पाइप तोंडात धरून वाक्य फेकलंय त्याला हे लगेच पटेल.

पण धागा पाइपबद्दल नाही. हा माणूस ऐन भरात असताना घर सोडून नावेवर राहत होता. त्याबद्दल मला बोलायचंय.

आधी थोडी ओळख. जन्म २४ जुलै १८५३, कनेक्टिकट राज्यातलं हार्टफर्ड गाव. वडील फ्रान्सिस जिलेट सेनेटर होते आणि गुलामगिरीच्या विरोधात उभे राहिलेले. शेजारी लेखक मार्क ट्वेन. १८७५ साली बॉस्टनच्या ग्लोब थिएटरात जिलेटला पहिलं काम मिळालं ते ट्वेनने शब्द टाकल्यामुळे. पुढे तो स्वतः नाटकं लिहू लागला, बसवू लागला. होम्सचं नाटक ६ नोव्हेंबर १८९९ ला न्यूयॉर्कच्या गॅरिक थिएटरात लागलं. त्याचं लिखाण चालू असताना जिलेटने होम्सकथांचा लेखक कॉनन डॉयल याला तार करून विचारलं की होम्सचं लग्न लावलं तर चालेल का. डॉयलने उलट कळवलं की लग्न लावा, खून करा, हवं ते करा. मग जिलेटने ही भूमिका तीसेक वर्षांत १३०० पेक्षा जास्त वेळा केली. निरोपाचा दौरा १९२९ ला सुरू झाला तेव्हा तो ७६ वर्षांचा होता, आणि तो दौरा १९३२ पर्यंत चालला.

आता त्या नावेबद्दल. 'आंट पॉली' हे तिचं नाव, लांबी सुमारे १४० फूट. राहायच्या खोल्या असलेली, घरासारखी. दौरे नसले की जिलेट तिच्यावर असायचा. लाँग आयलंडवर ग्रीनपोर्टला घर बांधायचं त्याने ठरवलं होतं, जमीनही घेतली होती. एकदा कनेक्टिकट नदीतून वर येताना हॅडलाइमच्या उताराजवळ नाव बांधली. समोर टेकड्यांची रांग, तिला 'सात बहिणी' म्हणतात. सातव्या बहिणीवर तो चढला आणि ग्रीनपोर्टचा बेत तिथेच सोडून दिला. त्या टेकडीवर १९१४ ते १९१९ अशी पाच वर्षं त्याचं दगडी घर बांधलं जात होतं. तेवढी वर्षं मालक खाली नावेवर राहत होता आणि रोज वर जाऊन काम पाहत होता.

हे सगळं मी का सांगतोय? मी बडोद्यात २७ वर्षं हौशी रंगभूमीवर काम करतो. काही वर्षांपूर्वी एका रहस्यनाटकात मी इन्स्पेक्टर होतो. आठ-नऊ प्रयोग झाले आणि माझं काम बिघडलं. समोरचा नट बोलायच्या आतच माझी मान त्याच्याकडे वळायची. दारावर थाप पडायच्या आधी मी दाराकडे पाहायचो. खुनी कोण हे इन्स्पेक्टरला तिसऱ्या अंकात कळायला हवं, पण माझ्या चेहऱ्यावर ते पहिल्या अंकापासून होतं. गांधी नगरगृहातल्या प्रयोगानंतर दिग्दर्शक एवढंच म्हणाले, "तुम्ही ऐकत नाही आहात." मला फार लागलं, कारण ते खरं होतं.

त्या दिवसांत एका मित्राने जिलेटचं १९१३ सालचं व्याख्यान वाचायला दिलं. विषय हाच. नटाला पुढचं सगळं पाठ असतं, पण ज्या माणसाची तो भूमिका करतो त्याला पुढचं काहीच माहीत नसतं. त्या माणसाला शब्द शोधावे लागतात, तो अडखळतो, त्याला उत्तर ऐकून घ्यावं लागतं. हजाराव्या प्रयोगालाही हे पहिल्यांदाच घडतंय असं प्रेक्षकाला वाटलं पाहिजे, आणि ते एकेका वाक्यापुरतं नाही, सबंध नाटकभर. शब्द माझे आहेत, मुद्दा त्याचा.

माझं म्हणणं असं: ज्याने हे लिहिलं त्याच माणसाने नदीवर राहायचं निवडलं, यात योगायोग नाही. चार भिंतींत माणूस न बघता चालतो, दिव्याचं बटण अंधारातही सापडतं. नावेवर तसं चालत नाही. कालच्या जागी आज पाणी नसतं, दोर तपासावा लागतो, वारा बघावा लागतो. तीच सवय त्याने रंगमंचावर नेली, किंवा रंगमंचावरची सवय नदीवर.

तुम्हाला काय वाटतं? नाटकवाले, नदीवाले, दोघांनीही लिहा.

मंजिरी_रावपुरा

लेख आवडला, पण शेवटचा निष्कर्ष मला घाईचा वाटतो. तुम्ही त्याच्या बायकोचा उल्लेखच केला नाहीत.

१८८२ मध्ये त्याने हेलन निकल्सशी लग्न केलं. ती १८८८ मध्ये गेली, पोटाच्या आजाराने, अगदी अचानक. त्यानंतर तो पार खचला. क्षयाने आजारी पडला, काही वर्षं रंगभूमीपासून दूर राहिला, उत्तर कॅरोलिनातल्या ट्रायन गावी पाइनच्या झाडांत जाऊन राहिला. पुन्हा लग्न केलं नाही. २९ एप्रिल १९३७ ला वारला आणि फार्मिंग्टनला तिच्या शेजारीच त्याला पुरलं. मध्ये ४९ वर्षं गेली होती.

माझे आजोबा आजी गेल्यानंतर दोन वर्षं घरात जेवायला बसत नसत. अंगणात ताट घेऊन बसायचे, पाऊस असला तर पडवीत. घर म्हटलं की तिची जागा रिकामी दिसते, असं एकदा आईला म्हणाले होते. जिलेटला हलतं घर का हवं होतं, याचं उत्तर मला अभिनयाच्या व्याख्यानापेक्षा इथे जास्त सापडतं.

दांडियाबाजार

मंजिरीताई, हेलनबद्दल मी वाचलं होतं. लेख नाटकावर राहावा म्हणून वगळलं, ते चुकलं. आजोबांची गोष्ट सांगितलीत, आभार. यावर मला विचार करावा लागेल.

प्रकाशयोजना

मी बॅकस्टेजवाला, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

जिलेट नट होता त्याहून जास्त कारागीर होता. १८८७ च्या सुमारास त्याने घोड्यांच्या टापांचा आवाज काढायच्या पद्धतीचं पेटंट मागितलं होतं. घोडा लांबून येतो, जवळ येतो, थांबतो, पुन्हा दौडत जातो, हे सगळं आवाजातून कळावं म्हणून. आम्ही तर नारळाच्या करवंट्या फरशीवर आपटत मोठे झालो!

होम्सच्या नाटकात अंक संपताना पडदा धाडकन पाडायच्या ऐवजी तो दिवे उतरवत काळोख करायचा, नवा प्रवेश काळोखातूनच उजळत यायचा. आज आपल्याला यात काही विशेष वाटत नाही. तेव्हा ते नवीन होतं.

आणि तो गॅसच्या कोठडीचा प्रवेश! होम्स खलनायकांच्या तावडीत सापडलेला. तो दिवा फोडतो. संपूर्ण अंधार, फक्त त्याच्या सिगारचं लाल टोक दिसतंय. खलनायक त्या टोकाच्या मागे खिडकीकडे धावतात. कंदील येतो तर सिगार खिडकीच्या फटीत खोचलेली आणि होम्स दाराशी. प्रकाशयोजनेचा एवढा सुंदर उपयोग सव्वाशे वर्षांपूर्वी. एका ठिणगीवर अख्खं नाट्यगृह श्वास रोखून बसत असेल.

त्याचं दगडी घरही असंच. २४ खोल्या, लाकडी दारं ४७, दारांचे लाकडी अडसर-खटके हाताने केलेले आणि एकासारखा दुसरा नाही. झोपायच्या खोलीतून खालचा दिवाणखाना दिसेल असे आरसे लावलेले, म्हणजे पाहुणे जमले की योग्य क्षणी एंट्री घेता यावी. टेबल रुळांवर सरकणारं. टेकडीभोवती तीन मैलांची छोटी आगगाडी, पाहुण्यांना बसवून स्वतः चालवायचा.

रुळांवरचं टेबल आणि भिंतीत बसवलेलं सामान पाहून मला जहाजाची केबिन आठवते. पाच वर्षं नावेवर झोपलेल्या माणसाने घराचा आराखडा केला की तो असाच होणार.

मालवणी_तांडेल

दांडियाबाजार, लेख चांगला आहे पण एक गोष्ट स्पष्ट करतो. १४० फुटांच्या राहत्या नावेवर असणं आणि शिडाची होडी हाकणं यांत फरक आहे. शिडाच्या होडीत एक हात सुकाणूवर, दुसऱ्यात दोर, आणि वारा फिरला की अर्ध्या मिनिटात निर्णय. राहत्या नावेला इंजिन असतं, हाताखाली माणसं असतात. तेव्हा 'वारा बघावा लागतो' हे तुमचं वाक्य थोडं सैल आहे.

तरी तुमच्या बाजूने एक मुद्दा देतो. कनेक्टिकट हे नावच तिथल्या मूळ लोकांच्या भाषेतून आलंय, अर्थ 'भरतीची लांब नदी'. समुद्राची भरती त्या नदीत थेट हार्टफर्डच्या वरपर्यंत चढते. हॅडलाइम तर मुखाच्या बरंच जवळ. म्हणजे जिलेटची नाव दिवसातून दोनदा वर उचलली जायची आणि दोनदा खाली बसायची. नांगराचा दोर किती सोडायचा हे भरती बघून ठरवतात. शिवाय त्या नदीच्या मुखाशी वाळूचे दांडे सरकत राहतात, त्यामुळे मुखाशी मोठं बंदर कधी झालंच नाही. आमच्या कर्लीच्या खाडीत वाढलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको की दांडा गेल्या वर्षीच्या जागी शोधला तर होडी रुतते.

तेव्हा शीड नसलं तरी लक्ष लागतंच. ते मान्य.

दांडियाबाजार

तांडेल, ही दुरुस्ती आनंदाने घेतो. आम्ही बडोद्याची माणसं, पाण्याशी आमचा संबंध सूरसागरच्या पॅडल बोटीपुरता. विश्वामित्री गावाच्या मधून वाहते पण तिच्यात मगरी, पुलावरून खाली बघायचं तेवढंच. भरतीचा मुद्दा मला अजिबात सुचला नव्हता.

ग्रंथपाल_निवृत्त

एक दुवा बडोद्याचा. सयाजीराव महाराजांनी संस्थानात मोफत वाचनालयांचं जाळं विणायला १९१० मध्ये ज्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं, ते विल्यम बॉर्डन कनेक्टिकटचेच, न्यू हेवनचे. १९१३ पर्यंत ते इथे होते. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत ज्यांनी लोखंडी मांडण्यांमधून काचेच्या जमिनीवर चालून पुस्तकं काढली आहेत, त्यांनी त्या कामाचं फळ पाहिलंय. त्या काळी न्यू हेवनच्या वाचत्या माणसाला जिलेटचं नाव माहीत नसणं कठीण.

दुसरं मराठीतलं. होम्स मराठीत आणणाऱ्या भालबा केळकरांचा उल्लेख कुणी केला नाही. पुण्याची प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन त्यांनीच उभी केली. म्हणजे मराठी वाचकाच्या हातातला होम्ससुद्धा एका नाटकवाल्याच्या हातून आला. मी नोकरीत असताना ती भाषांतरं दर दोन वर्षांनी बाइंडिंगला पाठवावी लागत, इतकी फिरायची.

आजवा_रोड

चार्ली चॅप्लिनने लहानपणी जिलेटबरोबर काम केलंय ना? की मी चुकतोय?

ग्रंथपाल_निवृत्त

बरोबर आहे. १९०५, लंडन. होम्सच्या घरातल्या बिली या पोऱ्याचं काम.

प्रकाशयोजना

आणि १९१६ मध्ये जिलेटने होम्सचा मूकपटही केला होता. तो नष्ट झाला असं सगळे धरून चालले होते, पण २०१४ मध्ये पॅरिसच्या चित्रपट संग्रहालयात त्याची प्रत सापडली. त्यामुळे ज्याला रंगमंचावर पाहिलेला एकही माणूस आज जिवंत नाही, त्याची चाल, पाइप धरायची पद्धत आपल्याला दिसते. मी पाहिला. हालचाल अगदी थोडी. बाकीचे हातवारे करतात आणि हा नुसता उभा राहून बघतो. तुमच्या दिग्दर्शकांनी जे मागितलं होतं तेच.

नर्मदेहर

उशिरा आलो, सगळे प्रतिसाद वाचले.

बडोदेकरांचा पाण्याशी संबंध सूरसागरपुरता, हे मात्र मला पटलं नाही. चांदोद विसरलात का? बडोद्याहून पन्नासेक किलोमीटर. आपल्यातल्या किती घरांनी तिथे अस्थी सोडल्या आहेत, किती जण तिथून नावेत बसून कर्नाळीला कुबेर भंडारीला गेले आहेत. टेंबे स्वामींच्या समाधीला गरुडेश्वरला जाणारे निम्मे लोक वाटेत चांदोदला उतरतात.

वडिलांच्या अस्थी घेऊन गेलो तेव्हाची गोष्ट. नावाडी साठीचा असेल. त्याचे वडील, आजोबा याच घाटावर. ओरसंग नर्मदेला मिळते तिथपर्यंत न्यायचं होतं, फार लांब नाही. नाव सोडायच्या आधी त्याने बांबू पाण्यात उभा घालून पाहिला. मग थोडं पुढे जाऊन पुन्हा. माझा धाकटा भाऊ जरा उतावळा, म्हणाला, "काका, रोज जाता की तुम्ही." त्याने वर न बघता गुजरातीत उत्तर दिलं, त्याचा अर्थ असा की रोज मी जातो, पाणी वेगळं असतं, वरून धरणाचं सोडलं की वाळू हलते.

त्या दिवशी मला रडू येत नव्हतं, म्हणून मी त्या बांबूकडेच बघत बसलो. मंजिरीताई म्हणतात ते दुःख आणि दांडियाबाजार म्हणतात ते लक्ष, दोन्ही त्या एका नावेत होती. जिलेटच्या बाबतीत एकच निवडायचं कशाला?

मंजिरी_रावपुरा

नर्मदेहर, वाचून थांबले. तुमचं म्हणणं मान्य.

अजून एक सांगते. जिलेटची नाटकं रंगमंचावर आणणारा निर्माता चार्ल्स फ्रोमन ७ मे १९१५ ला लुसिटानिया जहाज बुडालं तेव्हा गेला. होम्स उभा राहिला तो या माणसाच्या भरवशावर. त्या वर्षी जिलेट 'आंट पॉली'वरच राहत होता, वर टेकडीवर घराचं काम चालू. आपला इतका जवळचा माणूस पाण्याने नेल्यावरही त्याने नाव सोडली नाही. मी असते तर सोडली असती. त्याच्यासाठी ते पाणी काय होतं, हे मला आता पूर्वीपेक्षा कमी ठामपणे सांगता येतंय.

आजवा_रोड

नावेचं पुढे काय झालं?

दांडियाबाजार

आगीत गेली. तिचे अवशेष अजून हॅडलाइमच्या काठाशी गाळात आहेत आणि ती जागा पुरातत्त्वाच्या दृष्टीने राखून ठेवली आहे.

घराबद्दल त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की आपण कुठे आहोत, आपल्या भोवती काय आहे याची ज्याला जाणीव नाही अशा मूर्खाच्या हाती ही जागा जाऊ नये. १९४३ मध्ये ती राज्य सरकारने घेतली, आज तिथे सार्वजनिक उद्यान आहे. खाली चेस्टर आणि हॅडलाइममध्ये फेरीबोट चालते, ती १७६९ पासून. जिलेट आला तेव्हा होती, आजही गाड्या पलीकडे नेते. माझी भाची तिकडे शिकायला आहे, तिला मी मुद्दाम त्या फेरीबोटीतून जायला सांगितलं. तिने फोटो पाठवला: मधे पाणी, वर झाडांतून डोकावणारं ते दगडी घर. बोटीवरच्या माणसाने गाडीची चाकं नीट अडकवली की नाही हे दोनदा पाहिलं, असं तिने आपणहून लिहिलं होतं. मी तिला या धाग्याबद्दल काही बोललो नव्हतो.

आता कामाचं. जिलेटच्या त्या व्याख्यानाचं मराठी भाषांतर मी करायला घेतलंय, आमच्या गटातल्या नव्या मुलांसाठी. अडलंय ते शीर्षकातल्या मुख्य कल्पनेपाशी. 'पहिलेपणाचा आभास' लिहिलं, पण ते पुस्तकी वाटतं. तालमीत तोंडात बसणारा शब्द हवा.

ग्रंथपाल_निवृत्त

'आभास' नको. त्यात फसवणुकीचा वास येतो. 'प्रथमतेचा प्रत्यय' चालेल का?

प्रकाशयोजना

'प्रथमता' कुठला नट म्हणणार आहे विंगेत उभं राहून! आमचे जुने दिग्दर्शक "कोरं ठेवा" असं म्हणायचे. वाक्य कोरं ठेवा, कान कोरे ठेवा.

मालवणी_तांडेल

कोरं चांगलं आहे. आमच्यात भरती ओसरल्यावर ज्या वाळूवर अजून कुणाचा पाय पडला नाही तिलाही कोरी वाळू म्हणतात.

मंजिरी_रावपुरा

'कोरे कान'. शीर्षक हेच ठेवा.

दांडियाबाजार

ठेवलं! पहिली आठ पानं झाली आहेत. पुढच्या रविवारी सकाळी दहाला आमच्याकडे वाचू, दांडिया बाजारात. पत्ता खाजगी निरोपातून कळवतो. नर्मदेहर, तुम्ही बडोद्यात असाल तर नक्की या. आणि जमलं तर त्या नावाड्याचं वाक्य मूळ गुजरातीत लिहून आणा, मला ते मुलांना ऐकवायचंय.

नर्मदेहर

येतो. वाक्य पाठ आहे.